पक्कडबाई घाट उतरतात

गाडी बंद पडायच्या आधी दोन-चार वळणं इंजिनाचा ताप दाखवणारा काटा लाल रंगात जाऊन बसला होता, आणि जावईबापूंनी तो पाहिला होता. "आई, काटा—" असं ते दोनदा म्हणालेही. पण पक्कडबाईंनी उभ्या आयुष्यात ओरडणाऱ्यावर विश्वास ठेवला नव्हता. दातांच्या दवाखान्यात जो खुर्चीत बसायच्या आधीच ओरडतो त्याचं काही दुखत नसतं. ज्याचं खरोखर दुखतं तो मुकाट्याने खुर्चीचे हात आवळतो. काटा तर घरातून निघाल्यापासून उड्या मारत होता. म्हणजे पहिल्या जातीचा.

"घाबरट आहे मेला," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेर बघा, बापू. काय छान दरी आहे."

जावईबापू बाहेर बघत नव्हते, कारण दरी छान होती.

पक्कडबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते पेशंटांनी ठेवलेलं. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले (तोंड बधिर असताना माणूस बरंच खरं बोलतो), आणि दवाखाना बंद केला त्या दिवशी कंपाउंडरने त्याच नावाची पितळी पाटी करून आणली. ती पाटी आता गाडीत स्टिअरिंगच्या वर, चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली होती.

गाडीविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. मूळची ती दोन दारांची, बसकी, शर्यतीच्या थाटाची गाडी. एका पेशंटच्या परसात पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. पक्कडबाईंनी ती कोंबड्यांकडून सोडवून आणली. मूळ इंजिन गंजून गेलं होतं, म्हणून त्या जागी एका म्हाताऱ्या रुग्णवाहिकेचं इंजिन बसवलं. या इंजिनाला जन्मभर सगळ्यांनी बाजूला होऊन वाट दिली होती, त्यामुळे त्याच्या अंगी एक प्रकारचा माज होता. ते मापात बसेना, तेव्हा बॉनेट कापलं. इंजिनाचा वरचा भाग झोपेत पांघरुणाबाहेर आलेल्या गुडघ्यासारखा बाहेर दिसायचा. रंग गुलाबी. पण साधासुधा गुलाबी नव्हे. रंगाच्या दुकानात बाईंनी खिशातून एक कवळी काढून काउंटरवर ठेवली होती आणि म्हणाल्या होत्या, "हा हिरड्यांचा. अगदी हाच."

आणि ड्रायव्हरशेजारची सीट म्हणजे दवाखान्यातली खुर्ची. तीच ती, पायाने दांडी दाबली की वर जाणारी आणि खटकन मागे कलणारी. तिच्यात बसणाऱ्याचं तोंड आपोआप उघडायचं. जावईबापूंचं सकाळपासून तीनदा उघडलं होतं.

जावईबापू लिफ्ट तपासनीस. इमारतींतल्या लिफ्ट तपासायच्या आणि एखादी मनाला पटली नाही तर तिच्या दारावर लाल चिकटपट्टी लावायची. म्हणजे लोकांना जिन्याने पाठवायचा हक्क त्यांच्याकडे होता, आणि तो ते हात राखून वापरत नसत. असा माणूस सोबतीला द्यायचा मुलीने हट्ट धरला, तेव्हाच पक्कडबाई काय ते समजल्या होत्या. "आई, हे येतील तुझ्या सोबतीला," असं मुलगी म्हणाली खरी; पण पंचनाम्याला साक्षीदार बोलावतात तो सूर होता तो.

कारण प्रवास साधा नव्हता. घाटाखाली, समुद्राजवळ मुलाचं नवं घर होतं. तिथे सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं, आणि मुलाने फोनवर एक अट घातली होती.

"आई, तू गाडी चालवत ये. खुशाल ये. ती आपल्या चाकांवर माझ्या फाटकातून आत आली, तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. पण उचलून आणावी लागली, तर किल्ली माझ्या हातात द्यायची. कायमची."

"आणि किल्ली घेऊन तू काय करणार?"

"एक हॉटेल मागतंय ती गाडी. त्यांच्या बागेत ठेवणार. छप्पर काढून आत माती भरायची, फुलं लावायची. फार सुंदर दिसेल गं."

"माझ्या गाडीत झेंडू?"

"झेंडूच असं नाही. आणि तुझ्यासाठी इथे खालची खोली केलीय. जिना नको, काही नको. न्हाणीघरात धरायला दांड्यासुद्धा बसवल्यात."

पक्कडबाईंनी ते सगळं नीट ऐकून घेतलं. गाडी बागेत, आपण खालच्या खोलीत. दोघींना वेळेवर पाणी मिळेल. "येते," त्या म्हणाल्या आणि गाडीत हवा भरायला गेल्या.

तर काटा लाल रंगात. माथा समोर दिसत होता, चढ जवळजवळ संपला होता, आणि नेमकं तिथे इंजिनाने ढेकर दिली. मग एक कर्कश किंकाळी, मग खाटकन काहीतरी आवळल्यासारखा आवाज, आणि पाठोपाठ पांढरी वाफ. गाडी कडेच्या खडीवर जाऊन थांबली. इतकी शांतता झाली की जावईबापूंना स्वतःचं घड्याळ ऐकू आलं.

"काटा बरोबर होता," ते म्हणाले. न म्हणते तर बरं झालं असतं, हे त्यांनाही लगेच कळलं.

"होता," पक्कडबाई म्हणाल्या. खाली उतरल्या, दवाखान्यातला पांढरा कोट अंगात चढवला, वाफ ओसरेपर्यंत थांबल्या आणि बॉनेटवर दोनदा टकटक करून म्हणाल्या, "आ कर."

बॉनेट उघडलं. त्यांनी गाडीतल्या कप्प्यातून दांडीचा छोटा आरसा काढला, इंजिनाच्या मागे घातला आणि डोळे बारीक करून पाहिलं. मग चिमट्याने एक पांढरा खडा बाहेर काढून तळहातावर ठेवला.

"हे काय?" जावईबापूंनी विचारलं.

"सिमेंट."

"कसलं?"

"दाताचं."

झालं होतं असं. पाण्याची नळी जिथे इंजिनाला जोडलेली असते, तिथल्या तोटीला केसाएवढी चीर गेली होती. तोटी बदला, असं गॅरेजवाला म्हणाला होता. पण रुग्णवाहिकाच जुनी, तिची तोटी कुठून आणायची? तेव्हा पक्कडबाईंनी चीर स्वच्छ कोरली, कापसाने कोरडी केली आणि आपलं ठेवणीतलं सिमेंट भरून वरून पॉलिश केलं. काम इतकं सुबक झालं होतं की गॅरेजवाल्याला सापडलंसुद्धा नाही. हेच सिमेंट त्यांनी लोकांच्या तोंडात भरलं होतं आणि त्यावर लोकांनी उकळता चहा ओतला, बर्फ फोडला, सुपाऱ्या कातरल्या. ते कधी हललं नाही.

"पण आई, चहा पिणारा माणूस फुंकर मारतो," जावईबापू म्हणाले. "इंजिन कुठे मारतं?"

पक्कडबाईंनी त्यांच्याकडे नव्या आदराने पाहिलं. "खरं आहे. चुकलं माझं. पाणी सगळं गळालं आणि इंजिन आतल्या आत चिकटलं. मेलं ते." त्यांनी खडा कोटाच्या खिशात टाकला. "काढावं लागणार."

इतक्यात मागच्या वळणावरून एक टोइंगचा ट्रक आला. पिवळा दिवा गरगर फिरवत, सावकाश, अगदी बोलावल्यासारखा. जावईबापू एकदम डोंगराकडे बघू लागले. सकाळपासून पहिल्यांदाच ते बाहेर बघत होते.

"बापू," पक्कडबाई म्हणाल्या, "याला फोन कुणी केला?"

"आत्ता कुणीच नाही केला."

"आत्ताचं नाही विचारलं."

जावईबापूंची कानशिलं गाडीच्या रंगाची झाली. "मेहुण्यांनी सकाळपासून ठरवून ठेवलाय. आपण चहाला थांबलो तेव्हा तोही थांबला होता, मागच्या टपरीवर. मला माहीत होतं. मी... मला सांगू नका म्हणाले होते."

"छान. पोरगा माझा, जावई माझा, आणि मागे तिरडी बांधून ठेवलेली."

ट्रकवाला उतरला. आडवातिडवा गडी, हातात साखळी, आणि उजव्या गालावर घट्ट दाबून धरलेला रुमाल. "ही गुलाबी ना?" त्याने अर्ध्या तोंडाने विचारलं. "साहेब म्हणाले, बंद पडली की उचल आणि फाटकाच्या आत नेऊन ठेव. बाजूला व्हा, बाई."

"गालाला काय झालंय?"

"काही नाही. साखळी लावू द्या."

"दाढेत भरलेली चांदी पडली का?"

ट्रकवाला थांबला. "चार दिवस झाले. आत वारा शिरला तरी डोक्यात जातो. रात्री उताणं झोपता येत नाही, कुशीवर झोपता येत नाही. उभ्याने झोपायचं का आता?"

"मग डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"भीती वाटते," एवढा मोठा माणूस साखळीकडे बघत म्हणाला.

"साखळी ठेवा खाली. बसा त्या खुर्चीत."

"अहो, पण मला गाडी न्यायचीय."

"गाडी मेलेली आहे, पळून जाणार नाही. तिचं काय करायचं ते मागाहून बघू. आधी दात. बसा."

पक्कडबाईंचा हा 'बसा' ऐकून भलेभले बसले होते. ट्रकवालाही बसला. बाईंनी दांडी दाबली, खुर्ची खटकन कलली आणि त्याचं तोंड आपोआप उघडलं. जावईबापूंनी मोबाईलचा दिवा धरला. शेजारून जाणाऱ्या एका बसमधले प्रवासी खिडक्यांना चिकटले: घाटात, गुलाबी गाडीत, एक पांढऱ्या कोटातली बाई एका माणसाच्या तोंडात वाकली आहे आणि टाय लावलेला दुसरा माणूस उजेड दाखवतो आहे. बस पुढे गेली तरी माना मागेच होत्या.

कप्प्यात सगळं होतं. पक्कडबाई घर विसरल्या असत्या पण कप्पा नाही. त्यांनी खड्डा साफ केला, कोरडा केला, काचेच्या तुकड्यावर पूड आणि थेंब घोटले आणि भोक बुजवलं. "दातांवर दात ठेवा. टोचतंय? आता? आता घोट गिळा."

ट्रकवाल्याने हवा आत ओढली. एकदा जपून, मग जोरात. मग त्याने घाटातली जेवढी मावेल तेवढी हवा ओढली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखत नाही हो!"

"तात्पुरतं आहे. पुढच्या आठवड्यात नीट करून घ्या, नाहीतर पुन्हा उभ्याने झोपाल." पक्कडबाई हात पुसत जावयाकडे वळल्या. "बघा, बापू. तेच सिमेंट. माल चांगलाच होता. तोंड चुकलं."

नेमका तेव्हा जावईबापूंचा फोन वाजला. मुलगी होती, आणि तिचा आवाज फोनबाहेर सगळ्या घाटाला ऐकू येत होता. "अहो, दादाला मोबाईलवर ट्रक दिसतोय, म्हणतोय घाटात थांबलाय. पडली ना बंद? पडलीच ना? मी म्हटलंच होतं! दादाने हॉटेलवाल्यांनासुद्धा जेवायला बोलावलंय, आजच बघून घेतील. त्या माणसाने मातीचं मोजमाप घ्यायला टेप आणलीय!"

जावईबापूंनी फोन हलकेच बंद केला. स्वभावाने ते बंडखोर नव्हते. सासरी दुसऱ्यांदा भात नको असला तरी नको म्हणत नसत. पण लिफ्टच्या बाबतीत त्यांची एक निष्ठा होती.

"मी हजारो लिफ्ट बंद केल्या," ते म्हणाले. "पण एकीलाही भंगार म्हटलं नाही. दुरुस्त होईपर्यंत बंद, एवढंच. टेप घेऊन कसले येतात!" मग ते पक्कडबाईंकडे वळले आणि टाय सैल करत म्हणाले, "आई, एक सांगू? लिफ्ट कोसळत नाही ती काही मोटारीमुळे नाही. मोटार वर न्यायला. खाली सुखरूप येते ती ब्रेकमुळे. इथून पुढे मेहुण्यांच्या दारापर्यंत सगळा उतार आहे."

पक्कडबाईंनी माथ्याकडे पाहिलं. मग जावयाकडे. लग्नात पाहिला होता त्यापेक्षा माणूस बरा दिसत होता.

"तुमच्या ब्रेकला इंजिनाची मदत लागते?" जावईबापूंनी विचारलं.

"मी कुणाची मदत घेत नाही, माझे ब्रेक कशाला घेतील? नुसता पाय लागतो. पण जोरात."

"मला बघावं लागेल."

आणि इस्त्रीच्या शर्टासकट जावईबापू गाडीखाली गेले. एकेक चाक, एकेक नळी, तेलाची डबी, हातब्रेक. पेडल त्यांनी दहा वेळा दाबायला लावलं आणि अकराव्यांदा पुन्हा सांगितलं. बाहेर आले तेव्हा नाकाला ग्रीस होतं. "चालेल," ते म्हणाले. नोकरीत हा शब्द त्यांनी क्वचितच उच्चारला होता. "पण अटी आहेत. जिथे मी थांबा म्हणेन तिथे थांबायचं, मी चाकांना हात लावून बघणार. तापली असतील तर गार होईपर्यंत बसायचं. आणि मी ओरडलो तर मला घाबरट म्हणायचं नाही."

"कबूल. या वेळी ओरडणाऱ्याचं ऐकेन."

दोघांनी ट्रकवाल्याकडे पाहिलं. तो जिभेने नवं सिमेंट चाचपत होता.

"मला काही विचारू नका," तो म्हणाला. "मला उचलायला सांगितलंय. ढकलायची असेल तर मी ढकलतो. दिवा लावून मागे राहतो, म्हणजे कुणी मागून आपटणार नाही. साहेबांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

"मीच सांगणार," पक्कडबाई म्हणाल्या. "त्याला दात मीच शिकवलेत घासायला."

दोघा पुरुषांनी खांदे लावले. गाडी खडीवरून कुरकुरत रस्त्यावर आली, माथ्यावर एक क्षण विचार करत थांबली आणि मग आपणहून निघाली. जावईबापू धावत येऊन खुर्चीत पडले. खुर्ची कलली, तोंड उघडलं, पण या वेळी आतून हसू आलं.

रुग्णवाहिकेच्या इंजिनाच्या गर्जनेत ते सकाळपासून एकमेकांशी ओरडूनच बोलत होते. आता आवाज फक्त वाऱ्याचा आणि टायरांचा. झाडीत कुठला तरी पक्षी ओरडला, तोही स्पष्ट ऐकू आला. एका वळणावर सायकलवाल्याला त्यांनी मागे टाकलं. आवाज न करता शेजारून सरकलेली गुलाबी गाडी पाहून तो सायकलीवरून उतरून रस्त्याच्या कडेलाच बसला. पक्कडबाईंनी मान लववून त्याला नमस्कार केला. स्टिअरिंग जड होतं, पेडल दाबून मांडीत गोळे येत होते, पण अक्कलदाढा उपटण्यात घडलेले ते हात आणि तासन् तास उभे राहिलेले ते पाय होते. न्हाणीघरातल्या दांड्या त्यांना आठवल्या आणि पुढच्या वळणावर त्यांनी पेडल जरा जास्तच जोरात दाबलं.

"थांबा," जावईबापू म्हणाले की त्या थांबत. ते उतरून चाकांवर हात ठेवत, ताप बघितल्यासारखा. दोनदा त्यांनी सगळ्यांना कठड्यावर बसवून ठेवलं. ट्रकवाल्याने डाव्या बाजूने, मग मुद्दाम उजव्या बाजूने बिस्किट खाऊन दाखवलं.

घाट संपत आला तेव्हा जावईबापूंचा फोन पुन्हा वाजला. बायकोच होती.

"कुठे आहात?"

"उतरतोय."

"ट्रकवर ना?"

"वारा फार आहे गं, काही ऐकू येत नाही," असं म्हणून जावईबापूंनी फोन खिशात टाकला. झाडाचं पान हलत नव्हतं.

मुलाच्या गल्लीत सगळे फाटकापाशी उभे होते. ते कान देऊन होते. ती गाडी दोन गल्ल्या आधीपासून ऐकू यायची. आवाज नाही म्हणजे ट्रकवर आहे, असं मुलाने पाहुण्यांना समजावून सांगितलं होतं. हॉटेलचा माणूस टेप उघडून तयार होता. त्यामुळे गुलाबी गाडी चार चाकांवर, चिडीचूप, लग्नाच्या वरातीतल्या घोड्यासारखी मिरवत कोपऱ्यावरून आली तेव्हा सगळ्यांनी आधी तिच्या चाकांकडे पाहिलं. तिच्यामागे रिकामा ट्रक, दिवा फिरवत.

पण फाटकापाशी जरा चढ होता. गाडी मंदावली, आणखी मंदावली आणि फाटकाच्या अलीकडे, हातभर अंतरावर थांबली.

मुलगा पुढे आला. "इंजिन चालू कर की आई."

"इंजिन मेलं," पक्कडबाई हातब्रेक ओढून खाली उतरत म्हणाल्या. आवाज चढा नाही, पडका नाही. "घाटात मेलं. माझ्याच चुकीनं मेलं. दाताचं सिमेंट भरलं होतं."

"म्हणजे तू इंजिनाशिवाय घाट..." मुलाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "आई, तुझं वय काय! काही झालं असतं म्हणजे?"

"ब्रेक मी तपासले होते," जावईबापू म्हणाले. बायकोकडे न बघता म्हणाले, हे खरं; पण म्हणाले.

"तुम्ही तर आमच्या बाजूचे होतात!" त्यांची बायको म्हणाली.

मुलाने हात पुढे केला. "अट आठवतेय ना? गाडी आत आलेली नाही. किल्ली."

पक्कडबाईंनी कोटाच्या खिशात हात घातला आणि त्याच्या तळहातावर पांढरा खडा ठेवला. "हे ठेव. यानं बंद पडली. किल्ली मिळणार नाही."

"पण अट—"

"उचलून आणावी लागली तर, असं म्हणाला होतास. कुणी उचलली नाही. आणि उचलून आणली असती तरी दिली नसती. मला वाटेत कळलं ते. दात किडला तर दात काढतात रे. डोक्यात माती घालून झेंडू नाही लावत." त्या पुन्हा गाडीत बसल्या, दार ओढून घेतलं आणि स्टिअरिंग धरलं. "हातब्रेक सोडतेय. हातभरच राहिलंय. ढकला."

कुणी हललं नाही. मग जावईबापू मागे जाऊन उभे राहिले. ट्रकवाला उतरून त्यांच्या शेजारी आला. हॉटेलच्या माणसाने टेप गुंडाळून खिशात टाकली आणि कारण नसताना तोही आला. मुलगा तळहातावरचा खडा घेऊन थोडा वेळ तसाच उभा होता. गाडी मागे घरंगळायला लागली, तेव्हा "अहो, नीट धरा!" असं ओरडत तो धावला आणि त्याने खांदा लावला. सगळ्यांच्या शेवटी, पण सगळ्यांपेक्षा जोरात.

गाडी फाटकातून आत गेली आणि मुलाच्या नव्या, भल्याथोरल्या, चकचकीत गाडीशेजारी जाऊन उभी राहिली.

पक्कडबाई उतरल्या. खालच्या खोलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नव्या गाडीभोवती त्यांनी एक सावकाश चक्कर मारली, वाकून खालून पाहिलं, हाताने बॉनेटची रुंदी मापली.

"आई," मुलगा धापा टाकत म्हणाला, "आई, तिला हात लावायचा नाही."

पक्कडबाईंनी कोटाची बाही वर सरकवली, बॉनेटवर दोनदा टकटक केली आणि म्हणाल्या, "आ कर."